मामाचा डोस मी वाढवला

डायबेटिसची डॉक्टर घरात असताना बाहेरच्या डॉक्टरकडे कशाला जायचं, असं आमच्या मामीने ठरवलं आणि मी ‘हो’ म्हणाले. त्या ‘हो’ला मी अजून शिव्या घालते. समोर कुणी असेल तर मनात, एकटी असेन तर तोंडाने.

तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. नांदेडला एम.डी. केलं होतं, पुढे पाच-सहा वर्षं प्रॅक्टिसही केली होती, म्हणजे लोक मला डॉक्टर मानत होते. मग डोक्यात किडा वळवळला की डायबेटिस आणि हार्मोन्स नीट शिकायचे. गुरुग्रामच्या एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलात दोन वर्षांची फेलोशिप मिळाली. फेलोशिप म्हणजे काय, तर आधीच डॉक्टर असलेल्या माणसाने पुन्हा वही-पेन घेऊन शेवटच्या बाकावर बसायचं आणि आपल्याला काहीच येत नाही हे रोज चारचौघांत ऐकून घ्यायचं. राहायला मामाचं घर होतं, शेजारच्या राजधानीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये. आयएनए स्टेशनवरून मेट्रो पकडली की थेट गुरुग्राम.

मामा एका केंद्रीय मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. अठ्ठावन्न वर्षांचा. त्याला आणि मामीला मूलबाळ नाही, त्यामुळे मी लहानपणापासून अर्धी त्यांचीच. मी गेले त्या दिवशी मामा दारातच म्हणाला, “आलीस कार्टे? आता माझी साखर तुझ्या हवाली.” मला काय आनंद झाला होता! कप्पाळ माझं.

मामाला डायबेटिस वीस वर्षांचा. त्यातली बारा वर्षं तो सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचून घेत होता. उजवा डोळा आतल्या आत रक्तस्राव होऊन आधीच गेलेला. डाव्यात मोतीबिंदू पिकत आलेला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, की हा एकच डोळा शिल्लक आहे, एवढ्या साखरेवर मी याला हात लावणार नाही, तीन महिन्यांची सरासरी खाली आणा, मग बोलू. मामा फाइल नाकाला लावून वाचायचा. ऑफिसात कुणाला कळू नये म्हणून कागद घरी आणायचा आणि मामी त्याला वाचून दाखवायची. रिटायर होईपर्यंत डोळा टिकला पाहिजे, एवढंच त्याचं मागणं होतं. “आंधळा म्हणून घरी बसवू नये गं मला कुणी,” असं तो एकदा म्हणाला आणि लगेच टीव्हीचा आवाज मोठा केला.

तर हा डोळा वाचवायचा होता. आणि तो मी वाचवणार होते.

आमचे सर, म्हणजे फेलोशिपचे प्रमुख, साठीचे पंजाबी गृहस्थ. आवाज कधी चढवायचे नाहीत, पण त्यांच्यासमोर जायच्या आधी मी केसपेपर दोनदा वाचायची. त्यांच्या ओपीडीत एक नियम होता, “पहले हाथ, फिर पेन.” इन्सुलिन घेणारा कुठलाही पेशंट असो, त्याचा डोस वाढवण्याआधी टोचायच्या जागेवर हात फिरवायचा. पोट नुसतं बघायचं नाही, चाचपायचं. कारण एकाच जागी वर्षानुवर्षं टोचलं की कातडीखाली चरबीची गाठ धरते. तिथे सुई टोचली तर दुखत नाही, म्हणून माणूस पुन्हा पुन्हा तिथेच टोचतो. पण गाठीत गेलेलं इन्सुलिन रक्तात धड पोचतच नाही. साखर उतरत नाही, डॉक्टर डोस वाढवतो, पुन्हा उतरत नाही, पुन्हा वाढवतो. मग कधीतरी तोच फुगलेला डोस चांगल्या कातडीत जातो, सगळाच्या सगळा लागू होतो आणि साखर धाडकन कोसळते. आमच्या केसपेपरवर पोटाचं चित्र छापलेलं असायचं, त्यावर गाठी काढून दाखवायच्या. चित्र कोरं दिसलं तर सर पेशंटसमोरच विचारायचे, “डॉक्टर साहिबा, पेट देखा?” आणि कागद परत. मला पहिल्याच महिन्यात असा परत आला होता. लाजेने मेले होते मी. त्यानंतर ओपीडीतलं एकही पोट मी सोडलं नाही.

घरी मात्र वेगळाच कारभार. मामीची एक वही होती. सकाळची साखर, रात्रीची साखर, डोस, सगळं मोत्यासारख्या अक्षरात. दर रविवारी जेवणाच्या टेबलावर ती वही माझ्यासमोर यायची. मी भेंडीची भाजी चिवडत आकडे बघायची आणि म्हणायची, “अजून चार युनिट वाढव.” वीसचे चोवीस झाले, चोवीसचे अठ्ठावीस. उतरेना म्हणून तीस, छत्तीस, शेवटी चव्वेचाळीस. मामा म्हणायचा, “काय गं, बैलाचा डोस देतेस की काय?” आम्ही हसायचो. मामी चोरून गोड खाल्ल्याचा आळ घ्यायची आणि मामा आईची शप्पथ घ्यायचा. मीही त्याच्यावर एकदा तणतणले, की तू खोटं बोलतोस, आकडे खोटं बोलत नाहीत. तो खरं बोलत होता.

त्याच्या पोटाला मी हात लावला नाही. सात महिने त्या घरात राहिले, एकाच टेबलावर जेवले, आणि लावला नाही. आता मला कारणं सुचतात. मामा म्हणजे घरातसुद्धा शर्टाची वरची गुंडी लावून बसणारा माणूस, भाचीने त्याला ‘शर्ट वर कर, पोट दाखव’ म्हणायचं? जीभ रेटली नसती, असं मी लोकांना सांगते. पण ते खोटं आहे. जीभ रेटायची वेळच आली नाही, कारण माझ्या मनातच आलं नाही. घरी मी भाची होते आणि डोस मात्र डॉक्टर म्हणून वाढवत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

वर चीड यावी असं म्हणजे, मला ते कानात सांगितलं गेलं होतं. एकदा मामी सुई भरता भरता म्हणाली, “यांना टोचलेलं कळतसुद्धा नाही गं. दगड झालाय माणूस.” मामा म्हणाला, “हात बसलाय तुझा.” आणि मी, फेलोशिपचं अर्धं वर्ष झालेली बया, म्हणाले, “मामी, तुला आमच्याकडे नर्स म्हणून लावते.” ओपीडीत हेच वाक्य कुणी बोललं असतं तर मी खुर्चीतून उठले असते.

त्याच सुमाराला सरांनी मला एक काम दिलं. पेशंटना द्यायची माहितीपत्रकं वेगवेगळ्या भाषांत करायची होती, मराठी माझ्या वाट्याला आलं. इन्सुलिन कसं टोचावं, चार पानं. मी लिहिलं आणि मामीला वाचायला दिलं, कारण आमच्या घरात मराठीचं सुप्रीम कोर्ट तीच. लाल पेन घेऊन बसली. “‘मांसल भाग’ काय लिहितेस? कसायाचं दुकान आहे का? सरळ ‘मांडी’ लिही.” मी तिच्या गळ्यात हात टाकून हसले. त्या पत्रकात ठळक अक्षरात होतं, की टोचायची जागा दर वेळी बदला, पोटावर टोचत असाल तर मांडीवर टोचा. पोटावर गाठी असतील तर जागा बदलताना डोस कमी करावा लागतो, हे मी लिहिलं नव्हतं. ते डॉक्टरने बघायचं असतं, असा माझा हिशोब.

तो शनिवार होता. संध्याकाळी मी माझ्या खोलीत अभ्यास करत होते. जेवणाआधी मामीने मामाला मांडीवर टोचलं. चव्वेचाळीस. मला विचारलं नाही, कारण विचारायचं काय त्यात? मीच तर लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी निघाले. मानेसरला एका कारखान्यात कामगारांसाठी शिबिर होतं. मामी देवघरात होती. मामाच्या खोलीवरून जाताना घोरणं ऐकू आलं, मोठं, घरघरतं. मामा घोरणारा माणूस नाही. मी क्षणभर थांबलेसुद्धा. आणि मला वाटलं, बरं झालं, आज झोप लागली याला. हे मी कुणाला सांगत नाही. बेशुद्ध माणूस असा घोरतो, हे मला पुस्तकाच्या पानासकट माहीत होतं.

मानेसरला हॉलमध्ये पडदे लावून आम्ही बसलो. सकाळच्या पाळीची माणसं कंपनीच्या बसमधून उतरून रांगेत उभी. मी एकेकाचं पोट चाचपत होते. एका तगड्या माणसाला गुदगुल्या झाल्या, तो हसायला लागला, मग अख्खी रांग हसायला लागली. मीही हसले. तेवढ्यात फोन वाजला, साडेनऊ वाजले होते. मामी म्हणाली, “अगं, हे उठत नाहीयेत. रविवार आहे म्हणून झोपू दिलं मी. अंगाला दरदरून घाम आलाय.” मी म्हटलं, मशीन लाव, साखर बघ. ती गेली, आली. म्हणाली, “आकडाच येत नाही गं. एल आणि ओ असं काहीतरी दिसतंय.” मशीनला मोजता येणार नाही इतकी साखर कमी झाली की ते तसं दाखवतं. मामीच्या हातात साखरपाण्याचा पेला होता. मी त्या हॉलमध्ये किंचाळले, “तोंडात काही घालू नकोस! अँब्युलन्स बोलाव!” सगळी रांग माझ्याकडे बघत होती.

मानेसरहून टॅक्सीने दीड तास लागला. त्या दीड तासात मी काय काय बोलले देवाशी, ते देवच जाणे. मी नास्तिक बाई. सरकारी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत मामाच्या शिरेतून ग्लुकोज चालू होतं. साखर तोपर्यंत वर आली होती, एकशेसाठ. सुंदर आकडा. सात महिन्यांत वहीत कधी आला नव्हता. पण मामा डोळे उघडत नव्हता.

तिथली रेसिडेंट डॉक्टर माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान असेल. केस विस्कटलेले, डोळे तारवटलेले. तिने मला डोस विचारला. मी सांगितला. तिने पुन्हा विचारला. मग तिने चादर खाली केली, शर्ट वर केला आणि बेंबीच्या दोन्ही बाजूंना बोटं दाबली. “मॅम,” ती म्हणाली, “ये देखिए.” आणि मला हात लावायची जागा करून दिली. दोन्हीकडे दोन गाठी होत्या, मोठ्या लिंबाएवढ्या. हात लावायची गरजही नव्हती, नुसत्या डोळ्यांनी दिसत होत्या. तिने विचारलं, “इनका डोस कौन देख रहा था?” मी म्हणाले, “मैं.” पेपरवर पोटाचं चित्र नव्हतं, म्हणून तिने स्वतःच्या हाताने दोन गोल काढले.

मामा बारा दिवसांनी डोळे उघडून बघायला लागला. पाच आठवड्यांनी घरी आला. मेंदूला किती तास साखर मिळाली नाही, याचा हिशोब कुणी करू शकत नाही. चालायचा धरून धरून. भरवलं तर खायचा. मामीला बहुतेक ओळखायचा. मला ओळखलं की नाही ते कळत नव्हतं, कारण डोळ्यातला पडदा तसाच होता आणि तो माझ्या दिशेने नुसता बघायचा. मंत्रालयातून लोक फुलं घेऊन आले, बिस्किटं खाऊन गेले. नंतर आले नाहीत.

आणि मामी! मामी दिवसरात्र एकच बोलायची. “मी कशाला जागा बदलली गं? बारा वर्षं पोटावर टोचत होते, सुखरूप होते. मला काय अवदसा आठवली?” शेजारणींना सांगायची, फोनवर माझ्या आईला सांगायची, देवापुढे बसून सांगायची. मी तिथेच असायची. तोंडात भात असायचा माझ्या. मी म्हणायची, “मामी, तुझी चूक नाही.” कुणाची, ते म्हणायची नाही. दोन महिने मी असं केलं. भित्री, नीच बाई मी. दुसरा शब्द नाही.

सरांना मी सगळं सांगितलं होतं. ते ऐकून घेतलं त्यांनी, चष्मा पुसला. म्हणाले, आता आयुष्यात तुम्ही हात लावायला विसरणार नाही. मला असा संताप आला! म्हणजे मला धडा शिकवायला माझा मामा लागणार होता? तोंडाने मात्र “येस सर” म्हणाले. मग ते म्हणाले, गुरुवारच्या मीटिंगमध्ये ही केस मांडा.

गुरुवारी आमच्याकडे चुकांची मीटिंग असायची. नावं घ्यायची नाहीत, पेशंटचं नाही आणि डॉक्टरचंही नाही. मी स्लाइड केल्या. ‘अठ्ठावन्न वर्षांचे गृहस्थ, सरकारी नोकरी.’ ‘डोस टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आला.’ ‘इंजेक्शनची जागा तपासण्यात आली नव्हती.’ सगळं कसं आपोआप झाल्यासारखं. माझ्याच बॅचच्या एका फेलोने विचारलं, डोस कोण वाढवत होतं? सर माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, “कुणी लोकल डॉक्टर होता.” तो म्हणाला, “कमाल है यार, ऐसे लोगों का लाइसेंस जाना चाहिए.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा डोलावली. सरांनी पुढची केस घ्यायला सांगितली.

मेट्रोत मला बसायला जागा मिळाली होती, तरी मी उभी राहिले. घरी आले. मामी स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. बूट न काढताच मी आत गेले आणि सांगितलं. गाठी होत्या, दोन होत्या, जुन्या होत्या. डोस मी वाढवत नेला. पोटावर हात फिरवला असता तर एका मिनिटात कळलं असतं. मग डोस कमी केला असता, जागा बदलली असती, साखर आपोआप खाली आली असती. तू केलंस ते बरोबरच होतं.

मामीने जुडी खाली ठेवली.

“नुसता हात लावायचा होता?”

“हो.”

“तपासणी वगैरे काही नाही? मशीन नाही?”

“नाही. हात.”

तिने मेथी पुन्हा उचलली. दोन-तीन काड्या निवडल्या. मग म्हणाली, “दोन महिने मी त्यांना अंघोळ घालताना त्या मांडीकडे बघत नाही. दुसरीकडे तोंड करून साबण लावते. आणि तू इथे बसून जेवत होतीस.” आवाज चढला नव्हता. मी तिच्या पायाशी बसायला गेले तर तिने पाय मागे घेतला. “आता तू गुरुग्रामलाच खोली बघ बाई,” म्हणाली. “तुलाही लांब पडतं इथून.” त्या रात्री तिने मला मेथीची भाजी वाढली, रोजच्यासारखी, आणि रविवारी मी निघाले तेव्हा डबाही दिला.

फेलोशिप मी पुरी केली. लोक विचारतात, कशी केलीस? सोडायचं धाडस नव्हतं, म्हणून केली. रोज तीस-चाळीस पोटं चाचपली. सर्टिफिकेट मिळालं. ते कुठे आहे, मला बघावं लागेल.

मामाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, ते मला आईने फोनवर सांगितलं. मामीने दुसऱ्या डॉक्टरांकडून साखर ताब्यात आणली होती. त्यांनी गाठी सोडून टोचायला लावलं, अर्ध्याहून कमी डोस. तीन महिन्यांत सरासरी खाली. पूर्ण भूल देऊन मोतीबिंदू काढला. डोळा वाचला, उत्तम वाचला. आई म्हणाली, समोरच्या इमारतीवरचे आकडे वाचतो. मला राहवलं नाही, न कळवता गेले.

मामीने दार उघडलं, बाजूला झाली. मामा खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. मी समोर गेले. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. वर्षानंतर पहिल्यांदा त्याने मला नीट, स्वच्छ बघितलं. कपाळ, नाक, हातातली पर्स, सगळं बघितलं. त्या घरात कुणी मराठी माणसाशी हिंदी बोलत नाही. हिंदी दाराबाहेरच्यांसाठी, ऑफिसातल्या लोकांसाठी. मामाने शर्टाची गुंडी सारखी केली आणि अदबीने हसला.

“आइए, बैठिए,” तो म्हणाला. “किससे मिलना है आपको?”